डोळ्यांतील भिंग सरकलें तर—

आपल्या घरांतील ज्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांच्या मनांत एक समजूत पक्की बसलेली आढळते. ती अशी, कीं डोळ्याचें जें कांहीं व्हावयाचें होतें तें एकदां होऊन गेलें. आतां त्या डोळ्याकडे पुन्हां पाहावयास नको. बहुतेकांच्या बाबतींत ही समजूत खरीच ठरते. शस्त्रक्रियेच्या वेळीं बसविलेलें कृत्रिम भिंग जन्मभर आपल्या जागीं निमूटपणें राहतें व आपलें काम करितें. परंतु क्वचित् एखादा डोळा असा निघतो, कीं दहा-पंधरा वर्षें सुरळीत गेल्यावर त्यांतील भिंग जागा सोडूं लागतें. दृष्टि अंधुक होते, एका वस्तूच्या दोन दिसूं लागतात, आणि घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें, आतां असेंच चालावयाचें!" हें वाक्य सहानुभूतीनें उच्चारलेलें असतें खरें, पण त्यापायीं उपचाराची उत्तम वेळ हातची निघून जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच, कीं सरकलेलें भिंग म्हणजे गेलेला डोळा नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत यावें. भिंग पुन्हां जागेवर आणण्याच्या एक ना दोन, अनेक रीति आज प्रचारांत आहेत. त्यांतली योग्य कोणती हें वैद्यानें ठरवावयाचें. परंतु रोग्याला वेळेवर वैद्यापर्यंत पोंचविणें हें काम घरच्या माणसांचें आहे. मी स्वतः वैद्य नव्हें. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. घरांत तसा प्रसंग आल्यामुळें या विषयाची जी माहिती मिळवावी लागली, ती इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावी म्हणून येथें मांडीत आहें.

भिंग बसलेलें असतें कसें?

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यांत पाहूं. डोळ्याच्या अगदीं पुढें घड्याळाच्या काचेसारखें पारदर्शक पारपटल असतें. त्याच्या मागें रंगीत पडदा असतो, त्यास परितारिका म्हणतात. तिच्या मध्यभागीं जें काळें छिद्र दिसतें तीच डोळ्याची बाहुली. बाहुलीच्या लगेच मागें नैसर्गिक भिंग असतें. हें भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक कोशांत गुंडाळलेलें असून तो कोश चोहोंबाजूंनीं सूक्ष्म तंतूंनीं डोळ्याच्या भिंतीशीं टांगलेला असतो. देव्हाऱ्यापुढील लामणदिवा सांखळ्यांनीं टांगावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें सांखळ्या वरूनच नव्हे तर सर्व बाजूंनीं असतात. भिंगाच्या मागची सारी पोकळी काचद्रव नांवाच्या पारदर्शक, बुळबुळीत पदार्थानें भरलेली असते, आणि सर्वांत मागें, भिंतीस आंतून चिकटलेलें, दृष्टिपटल असतें. बाहेरची प्रतिमा त्यावरच उमटते. डोळ्याची पांढरी, चिवट बाह्य भिंत तें शुक्लपटल.

मोतीबिंदु म्हणजे नैसर्गिक भिंगास आलेला गढूळपणा. आजच्या शस्त्रक्रियेंत शस्त्रवैद्य कोशाच्या पुढच्या बाजूस गोल छिद्र पाडून आंतील गढूळ भाग काढून घेतो, व त्याच रिकाम्या कोशांत नवें कृत्रिम भिंग ठेवितो. या भिंगाचा दिसण्याच्या उपयोगाचा गोल भाग सामान्यतः ६ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या दोन बाजूंस दोन लवचीक बाहु असतात. ते धरून सर्व लांबी सुमारें १३ मिलिमीटर भरते. हे बाहु कोशाच्या कडांना टेकून भिंग मध्यावर धरून ठेवितात. म्हणजे भिंग कोशाच्या आधारें, आणि कोश तंतूंच्या आधारें! हा आधार ज्या ठिकाणीं तुटला असेल, त्यावर पुढील सर्व उपाय अवलंबून असतात.

सुश्रुताची शलाका

भिंग सरकणें ही आज आपत्ति मानली जाते. पण एके काळीं भिंग मुद्दाम सरकविणें हाच मोतीबिंदूवरचा उपचार होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत, सतराव्या अध्यायांत, लिंगनाश नांवाच्या नेत्ररोगावरील वेधनकर्म सांगितलें आहे. जवाच्या टोकासारखें मुख असलेली शलाका घ्यावी. काळ्या भागापासून कांहीं अंतर सोडून, अपांगाच्या, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूनें, शिरा चुकवून डोळ्याच्या पांढऱ्या भागांत ती शिरवावी. डावा डोळा असेल तर उजव्या हातानें आणि उजवा असेल तर डाव्या हातानें हें कर्म करावें. रोग्यास वस्तु दिसूं लागल्या म्हणजे शलाका हळूहळू काढून घ्यावी, असा त्याचा भावार्थ आहे. नंतर रोग्यानें उताणें निजावें, आणि शिंकणें, खोकणें, ढेंकर देणें, थुंकणें टाळावें, असेंही तेथें बजावलें आहे.

या परंपरेंतून पुढें जी प्रथा रूढ झाली तींत गढूळ भिंग सुईनें खालीं काचद्रवांत लोटून देत. बाहुलीमागचा आडोसा दूर झाला कीं प्रकाश आंत येई, व रोग्यास अंधुक कां होईना पण दिसे. गांवोगांव फिरणारे वैदू हें काम विसाव्या शतकांतही करीत. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख असलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनीं १९१७ सालीं लंडन येथें या विषयावर व्याख्यानें दिलीं. आंत लोटलेल्या भिंगामुळें आणि अस्वच्छ सुईमुळें डोळ्यास होणारा दाह, वाढणारा ताण व अखेरीस येणारें अंधत्व यांचें त्यांनीं तपशीलवार वर्णन केलें आहे.

मराठी वाचकांनीं या संदर्भांत तंजावरचें स्मरण अवश्य ठेवावें. तेथील भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनीं धन्वंतरि महाल स्थापून वैद्यकास आश्रय दिला. त्यांच्या काळांत तपासलेल्या नेत्ररोग्यांचीं टिपणें, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत आजही जतन केलेलीं आहेत. रोग्याची स्थिति लिहून ठेवावी, चित्र काढून ठेवावें, ही शिस्त एका मराठी राजाच्या दरबारांत दोनशें वर्षांपूर्वीं पाळली जात होती. ही शिस्त आपल्या घरोघर किती आवश्यक आहे, हें पुढें ओघानें येईलच.

कृत्रिम भिंगाचा जन्म

गढूळ भिंग डोळ्यांतच लोटण्याऐवजीं बाहेर काढण्याची रीति अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनीं प्रचारांत आणिली. परंतु भिंग काढलेल्या डोळ्यास जाड, जड चष्म्यावांचून गति नसे. आपल्या आजोबा-आजींच्या नाकावरील ते बाटलीच्या बुडासारखे चष्मे पुष्कळांस आठवत असतील.

ही अडचण लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनीं दूर केली. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांच्या छताचे फुटलेले प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले असतां डोळा त्यांस फारसा विरोध करीत नाहीं, असें त्यांच्या निदर्शनास आलें होतें. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचें भिंग घडवून त्यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत तें प्रथम डोळ्यांत ठेविलें. कल्पना अपूर्व होती. पण त्या पहिल्या भिंगास बाहु नव्हते, आणि वजनही बरेंच होतें. त्यामुळें कांहीं डोळ्यांत तें सरकून मागें पडूं लागलें. सरकलेल्या भिंगाचा प्रश्न हा असा कृत्रिम भिंगाबरोबरच जन्मास आला! पुढें भिंगें हलकीं झालीं. १९७७ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टीव्हन शिअरिंग यांनीं लवचीक बाहु असलेलें भिंग परितारिकेच्या मागें बसविण्याची रीति रूढ केली, आणि भिंग स्थिर राहण्याचें प्रमाण पुष्कळ सुधारलें.

आपल्या देशांत मदुरेच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशीं संलग्न असलेल्या ऑरोलॅब या संस्थेनें १९९२ पासून अल्प किंमतींत भिंगें तयार करण्यास आरंभ केला. महाराष्ट्रांत डॉ. तात्याराव लहाने यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा मोठा व्याप उभारला. त्यांस २००८ सालीं पद्मश्री मिळाली. अशा प्रयत्नांनीं कृत्रिम भिंग खेडोपाडींच्या गरिबांपर्यंत पोंचलें. त्या काळीं ज्यांनीं साठाव्या वर्षीं भिंग बसवून घेतलें, तीं माणसें आज नव्वदीकडे झुकलीं आहेत. भिंगास झीज नाहीं. पण त्यास धरून ठेवणारे तंतु मात्र देहाबरोबर जीर्ण होतात. म्हणून हा प्रश्न आज आपल्या पिढीपुढें आला आहे.

भिंग कां सरकतें आणि तें ओळखावें कसें?

भिंग लवकर सरकलें, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांतच, तर बहुधा त्या वेळीं कोश फाटलेला असतो, किंवा एक बाहु कोशांत व दुसरा बाहेर असा बसलेला असतो. पुष्कळ वर्षांनीं सरकलें, तर बहुधा कोशासकट सर्वच भिंग खालीं उतरतें. कारण तंतु दुबळे झालेले असतात. कांहीं वृद्धांच्या डोळ्यांत बाहुलीच्या कडेस व भिंगावर भस्मासारखी पांढुरकी भुकटी सांचते. या विकारांत तंतु विशेष जीर्ण होतात. डोळ्यास बसलेला जोराचा मार, फार मोठ्या उणे नंबराचा चष्मा, दृष्टिपटलावर पूर्वीं झालेली शस्त्रक्रिया आणि जन्मतःच तंतु अशक्त असण्याचे कांहीं विकार, हींही कारणें आहेत.

लक्षणें सहसा हळूहळू येतात. नजर कधीं बरी, कधीं अंधुक, दिव्याभोंवतीं चमक, दृष्टीच्या मध्यें कमानीसारखी एक रेघ, आणि वस्तु दुहेरी दिसणें. भिंग खालीं उतरलें म्हणजे त्याची वरची कड बाहुलींत, क्षितिजाखालीं बुडत चाललेल्या सूर्यबिंबासारखी दिसते. म्हणून इंग्रज वैद्यांनीं या स्थितीस सूर्यास्ताचेंच नांव दिलें आहे.

दुहेरी दिसण्याची एक साधी परीक्षा घरीं करतां येते. एक डोळा तळहातानें झांकावा. तरीही उघड्या डोळ्यास दोन वस्तु दिसत असतील, तर दोष त्या डोळ्याच्याच आंत आहे असें समजावें. एक डोळा झांकतांच दुसरी प्रतिमा नाहींशी होत असेल, तर दोन्हीं डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. त्याचीं कारणें निराळीं असतात, पण वैद्यास दाखवावयाचें तेंही तितक्याच त्वरेनें.

आमच्या घरचा प्रसंग

आमच्या वडील वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. उजवा डोळा काचबिंदूनें पूर्वींच गेलेला. सारा भरंवसा डाव्यावर, आणि त्यांत सोळा वर्षांपूर्वीं बसविलेलें भिंग. एका संकष्टीस चंद्रदर्शन घेऊन त्या आंत आल्या त्या गप्प गप्प. पुढें दोन महिन्यांनीं, पोथी वाचावयाची सोडून नुसती जपमाळ घेऊन बसलेल्या पाहून मीं विचारलें, तेव्हां म्हणाल्या, "भावोजी, मला दोन चंद्र दिसतात. एक खरा, नि एक त्याच्या पाठीला चिकटलेला. पण सांगून काय करूं? डोळा उरलाय एकच. त्याला पुन्हां सुरी लावायची नाहीं मला."

हें भय अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या घरीं एकच दिवा, तो तो दिवा हलवावयास भितो. आम्हीं त्यांस आधीं फक्त तपासून घ्यावयास राजी केलें. मुंबईच्या नेत्रवैद्यांनीं थेंब घालून बाहुली मोठी केली व आंत पाहिलें. भिंग कोशासकट खालीं उतरलें होतें. वरचे तंतु तुटलेले, खालचे थोडे शिल्लक. वैद्य तरुण, पण बोलणें मोठ्या धीराचें. ते म्हणाले, "आजी, हें तसंच ठेवलं तर कदाचित वर्षभर राहील, कदाचित उद्यांच तळाशीं जाईल, मला सांगतां येणार नाहीं. एवढंच सांगतों, आज तें माझ्या हाताशीं आहे. तळाशीं गेल्यावरही काढतां येतं, पण तेव्हां काम मोठं होतं, आणि धोकाही वाढतो." धोके कोणते तेंही त्यांनीं लपविलें नाहीं. रक्तस्राव, जंतूंचा संसर्ग, वाढणारा ताण, दृष्टिपटलास येणारी सूज किंवा तें सुटणें, हे सर्व त्यांनीं एकेक करून सांगितले.

निर्णय आम्हीं वहिनींवरच सोपविला. त्या रात्रभर विचार करून सकाळीं म्हणाल्या, "हाताशीं आहे तोंवरच करूं या."

त्या वेळीं एका क्षुल्लक वस्तूचा मोठा उपयोग झाला. रेशनकार्डाच्या डब्यांत सोळा वर्षांपूर्वींच्या शस्त्रक्रियेचा कागद होता. त्यावर बसविलेल्या भिंगाची चिकटपट्टी होती, आणि तीवर भिंगाची जात व शक्ति छापलेली होती. तेवढ्यावरून भिंगाचे बाहु कसे आहेत, व तें दोऱ्यानें बांधण्याजोगें आहे कीं बदलावें लागेल, याचा अंदाज वैद्यांस आधींच करतां आला.

जागेवर बसविण्याच्या रीति

अशा डोळ्यापुढें वैद्यास कोणकोणते मार्ग असतात, ते आतां क्रमानें पाहूं.

पहिला मार्ग, कांहीं न करणें. भिंग थोडेंसेंच बाजूस गेलें असेल, स्थिर असेल आणि रोग्यास त्रास नसेल, तर नुसती देखरेख ठेवितात. केवळ चमक होत असेल तर बाहुली लहान करणाऱ्या थेंबांनींही कधीं कधीं भागतें.

दुसरा मार्ग, मूळ आधारावरच पुन्हां बसविणें. कोश व तंतु शाबूत असून भिंगच वेडेंवाकडें बसलें असेल, तर डोळ्यांत बारीक छिद्रांतून हत्यार घालून तें फिरवितात व मध्यावर आणितात. कोशाची मागची बाजू फाटली असली, पण पुढची गोल कड मजबूत असली, तर भिंगाचे बाहु कोशाच्या पुढें, परितारिकेच्या मागल्या खांचेंत ठेवितात, आणि मधला गोल भाग कोशाच्या छिद्रांतून मागें सरकवून गुंडीसारखा अडकवितात. मात्र याला सडपातळ बाहूंचें, तीन भागांचें भिंग लागतें. जाड बाहूंचें एकसंध भिंग त्या खांचेंत ठेविल्यास तें परितारिकेस घासतें, व दाह, रक्तस्राव आणि ताण उत्पन्न करितें.

तिसरा मार्ग, परितारिकेस टांकणें. भिंगाचे बाहु परितारिकेच्या मागें धरून केसाहूनही बारीक दोऱ्यानें तिला बांधितात. मॅकॅनेल या वैद्यांनीं १९७६ मध्यें ही टांक्याची रीति वर्णिली. पुढें १९९४ मध्यें सीपसर यांनीं डोळा मोठा न उघडतां सरकगांठीनें ती गांठ बांधण्याची युक्ति दाखविली.

चौथा मार्ग, शुक्लपटलास टांकणें. परितारिका नाजूक व हलती असते. शुक्लपटल चिवट व स्थिर. म्हणून कोशासकट उतरलेल्या भिंगाच्या बाहूभोंवतीं दोऱ्याचा फास टाकून त्याचीं टोंकें शुक्लपटलांतून बाहेर काढितात व गांठ त्याच्याच आंत लपवितात. दोन्हीं बाजूंस असे फास घातले कीं भिंग पुन्हां मध्यावर येतें. यासाठीं पूर्वीं सर्रास वापरलेला अतिसूक्ष्म दोरा कांहीं वर्षांनीं तुटतो, असा अनुभव आला. म्हणून आतां अधिक जाड किंवा अधिक टिकाऊ जातीचा दोरा पुष्कळ वैद्य पसंत करितात. वहिनींच्या डोळ्यांत हाच मार्ग पत्करला. जुनेंच भिंग जागेवर आलें.

पांचवा मार्ग, टांक्यावांचून बसविणें. यांत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनीं २००७ मध्यें शुक्लपटलावर समोरासमोर दोन पातळ पदर उचलून, त्यांखालून भिंगाचे बाहु बाहेर काढून, ते शुक्लपटलांतील बोगद्यांत खुपसावयाचे व वरचे पदर रक्तांतील घटकांपासून केलेल्या जैविक गोंदानें चिकटवावयाचे, अशी रीति प्रचारांत आणिली. जर्मनींतील गाबोर शारिओथ यांनीं त्याच सुमारास बाहु बोगद्यांत अडकविण्याची रीति सांगितली होती. पुढें जपानच्या शिन यामाने यांनीं आणखी सोपेपणा आणिला. दोन बारीक पोकळ सुया शुक्लपटलांतून आंत घालावयाच्या, भिंगाचे बाहु त्यांच्या पोकळींत ओवून बाहेर ओढावयाचे, आणि बाहूंचीं टोंकें उष्णतेनें किंचित् वितळवून त्यांस खिळ्याच्या डोक्यासारखी गोळी आणावयाची. ती गोळी शुक्लपटलांत रुतून बसते व बाहु आंत निसटत नाहीं. त्यांचा हा प्रबंध २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. या रीतींसही बाहु योग्य जातीचे असावे लागतात.

सहावा मार्ग, भिंग बदलणें. जुनें भिंग मोडलें असेल, किंवा बांधण्याजोगें नसेल, तर तें डोळ्यांतच कापून लहान छिद्रांतून बाहेर काढितात व नवें बसवितात. हॉलंडच्या यान वोर्स्ट यांनीं शोधलेलें, खेंकड्याच्या नांगीप्रमाणें परितारिकेस चिमटा घेऊन धरणारें भिंग अशा वेळीं उपयोगी पडतें. आपल्याकडे अमृतसरचे डॉ. दलजितसिंग यांनीं त्या जातीच्या भिंगाचा पुष्कळ प्रसार केला.

तळाशीं गेलेलें भिंग

भिंग पार मागें, दृष्टिपटलावर जाऊन पडलें, तर वरील कोणताही उपाय करण्यापूर्वीं तें वर आणावें लागतें. तें नुसतें चिमट्यानें ओढून चालत नाहीं. कारण काचद्रवाचे धागे दृष्टिपटलास चिकटलेले असतात, आणि भिंगाबरोबर तेही ओढले जाऊन दृष्टिपटल फाटतें. म्हणून आधीं काचद्रव कापून शोषून घेतात. ही शस्त्रक्रिया रॉबर्ट माखेमर यांनीं अमेरिकेंत १९७० च्या सुमारास सिद्ध केली. हत्यारें शुक्लपटलांतूनच, पारपटलाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर आंत घालितात. कारण तेथें दृष्टिपटल नसतें. काळ्या भागापासून अंतर सोडून पांढऱ्या भागांतून शिरावें, ही सुश्रुताची आज्ञा येथें सहज आठवते. मात्र सुश्रुताच्या परंपरेनें ज्या काचद्रवांत भिंग लोटलें, त्याच काचद्रवांतून आजचा वैद्य तें वर काढतो.

वर काढण्याची एक युक्ति तर शाळेंतील पदार्थविज्ञानाचा धडाच आहे. स्टॅन्ली चँग यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एक जड, पारदर्शक द्रव डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत रूढ केला. तो पाण्याच्या पावणेदोनपट ते दुप्पट जड असतो. तो तळाशीं सोडला, कीं त्याहून हलकें असलेलें भिंग लांकडाप्रमाणें त्यावर तरंगून वर येतें, व खालचें दृष्टिपटलही सुरक्षित राहतें. काम संपतांच तो द्रव काढून घेतात.

गृहस्थांनीं काय करावें?

वहिनींची दृष्टि पहिल्या दिवशींच लखलखीत झाली असें नाहीं. सुमारें दीड महिना अंधुकच होतें, आणि रात्रीं दिव्याभोंवतीं वलय अजूनही दिसतें. परंतु चष्मा लावून मोठ्या टाइपाची पोथी त्या आतां स्वतः वाचतात. शस्त्रक्रियेपासून एवढीच अपेक्षा ठेवावी; डोळा पुन्हां तरुण होत नाहीं, तो फक्त कामास येतो. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं डोळा कामास येणें म्हणजे काय, हें ज्याचें त्यासच ठाऊक.

आतां चार गोष्टी प्रत्येक कुटुंबानें पाळाव्यात.

पहिली, भिंगाचा कागद जपून ठेवावा. दागिन्यांची पावती जितकी जपतां, तितकीच ही चिकटपट्टी जपा. तिचें छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्येंही असूं द्या. सरफोजी राजांच्या वैद्यांनीं रोग्यांचीं टिपणें ठेविलीं. आपल्याला घरच्या दोन-चार माणसांचीं ठेवणें जड जाऊं नये.

दुसरी, शस्त्रक्रिया झालेला डोळा चोळूं नये, व त्यास मार लागूं देऊं नये. नातवंडांच्या चेंडूपासून आणि अंधाऱ्या जिन्यापासून सारखेंच सांभाळावें.

तिसरी, घाईची वेळ ओळखावी. डोळ्यांपुढें विजा चमकल्यासारखें होणें, एकाएकीं काळे ठिपके वाढणें, कडेनें पडदा ओढल्यासारखी सावली येणें, हीं दृष्टिपटल सुटत असल्याचीं चिन्हें आहेत. डोळा लाल होऊन ठणकणें, किंवा भिंग बाहुलीच्या पुढें आलेलें दिसणें, हींही तशींच. अशा वेळीं त्याच दिवशीं, दृष्टिपटलाचें काम करणारा वैद्य जेथें आहे तेथें जावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असल्यास तीं वैद्यास सांगावीं; स्वतःच्या मनानें बंद करूं नयेत. आमच्या उरणकरांपुरतें बोलावयाचें, तर पूर्वीं मोरा बंदरांतून लाँचनें भाऊच्या धक्क्यास जाणें हाच जवळचा मार्ग होता, आणि पावसाळ्यांत त्याचा भरंवसा नसे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा हा जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला, आणि त्याच दिवशीं उरणपर्यंतच्या आगगाडीचेंही उद्घाटन झालें. आतां 'मुंबई लांब पडते' ही सबब उरली नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरांतील वृद्ध माणसें संकष्टीस चंद्रदर्शन घेतातच. त्या वेळीं त्यांस एकेक डोळा झांकून चंद्राकडे पाहावयास सांगावें, आणि विचारावें, "चंद्र एकच दिसतो ना? कड स्वच्छ दिसते ना?" यास पैसा लागत नाहीं, उपकरण लागत नाहीं. मागील महिन्याहून उत्तर निराळें आलें, तर 'वय झालें' असें न म्हणतां त्याच आठवड्यांत डोळा दाखवावा. आपलीं वडील माणसें आपला त्रास आपण होऊन सांगत नाहींत. कोणास भार होऊं नये हाच त्यांचा बाणा. म्हणून विचारण्याचें काम धाकट्यांचें आहे, आणि तें भिंग हाताशीं आहे तोंवरच करावयाचें आहे.